बारा नंबरचा माइक

वरळीच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेमागे
माझं टेबल, त्यावर गार झालेला वडा.
बाईंचा माइक बारा नंबर.

आईचे आभार, निर्मात्याचे,
मग कागदाची घडी घालून म्हणाल्या,
"परवा भांडुपला कोंडेनगर पाडलं."

कानात तावडे ओरडला, म्युझिक घे!
हिला कोणी विचारलंय?

खरंय. कोणी विचारलंय?
कोंडेनगर नाही ते, कोंडनगर.
बहीण सतरा वर्षं राहिली तिथं.
तिलाही कोणी विचारलं नाही;
ताडपत्रीखालून तिनंच मला विचारलं,
जेवलास का?

बोट म्युझिकच्या फेडरवर होतं.
तसंच राहू दिलं
अकरा सेकंद.

चुकीचं नाव हॉलभर घुमलं.
टाळ्या पडल्या, विरळ.
पुढच्या शोला तावडेनं
दुसरा माणूस बघितलाय.