धार

मोरीत पत्र्याची बादली.
रात्री तीनदा उठायचे हे,
मी आतून ऐकायची:
थेंब. मग काहीच नाही. मग थेंब.
"काय करायलाव एवढा येळ?"
"झोप तू."

दोन वर्षं पाठच माझ्याकडे.
मला वाटलं, लातूरला कुणी असंल.
जाऊबाई म्हणल्या, लिंबू उतरव.

अंबाजोगाईच्या बसमध्ये,
बर्दापूर मागं पडल्यावर,
खिडकीला सांगावं तसं बोलले:
खांबावर चढताना शिडीवरून घसरलो होतो ना,
पायरी मांड्यांत बसली,
तवापासून लघवीची वाट बारीक झालीय.
जवळ आलो की शेवटाला आग होते गं,
बाहेर काही येतच नाही.
मग भ्या वाटतं. मग उठतच नाही.
तुझं काही नव्हतं त्यात.

कंपाउंडर ओरडला,
"व्यंकट घोणसे, लघवीवाले!"
सगळा बाक वळला.
ह्यांच्या आधी मीच उठले, फाइल घेऊन.

ऑपरेशन. एकवीस दिवस नळी.
पिशवी मी रिती करायची,
दुधासारखी मोजून, वहीत लिहून.

नळी निघाली, त्याच्या दुसऱ्या पहाटे
मोरीतून हाक आली,
कधी नव्हे ती नावानं:
"गोकर्णा, ऐक."

बादली वाजत होती.

बाकीचं हळूहळू, डॉक्टर म्हणले.
होऊ दे की.
आमची कुठं बस चुकायलीय.