फिक्स

मरोळ गावठाण, पहाटेचे पाच चाळीस.
या वेळेला उपग्रह आभाळभर बरे पसरलेले असतात,
कालच तक्त्यात पाहून ठेवलं होतं.
तेव्हाही समोरची काचेची इमारत असतेच म्हणा,
तिच्यावर आपटून एकच हाक दोनदा येते
आणि रोव्हर बिचारा
दुसरीवर विश्वास ठेवतो.
गेल्या मंगळवारी भर दुपारी त्यानं आम्हाला
सेसिलियाबाईंच्या स्वयंपाकघरात उभं केलं.
आम्ही होतो गल्लीत.

दांडा सातपुतेनं धरलाय, दोन्ही हातांनी.
बुडबुडा वर्तुळाच्या मधोमध.
एकतीस वर्षं साखळी ओढली त्यानं,
सर्व्हिस बुकात अजून चेनमन,
साखळी मात्र हल्ली ऑफिसच्या दाराला अडण म्हणून असते.

पडद्यावर फ्लोट.
म्हणजे यंत्राला अंदाज आहे,
शपथ घ्यायची तयारी नाही.

दोन खिडक्या उघड्या. इकडे सेसिलिया, तिकडे तिची जाऊ ब्रिजेट.
एकोणीस वर्षांचा अबोला.
वाद दीड वितीचा,
त्यात एक धुण्याचा दगड आणि एक नळ,
नळही बंद.

"बाय, वरून कोण सांगतं तुला?"
अठरा जण, मी म्हणते. वीस हजार किलोमीटरवरून.
"त्यांना काय ठाव, आमची हद्द कुठं ती?"
नाही ठाऊक.
त्यांच्याकडे नुसतं घड्याळ असतं.
ते वेळ सांगतात,
जागा आपण काढायची.

फ्लोट.
सातपुतेच्या मानेवर डास बसलाय.
विमान जातं. भांडी थरथरतात. पुन्हा शांत.

फिक्स.

चौदा मिलिमीटर इकडेतिकडे.
मी दांडा उलटा करून सगळं तोडते,
पुन्हा पहिल्यापासून शोधायला लावते त्याला.
साक्षीदाराला दोनदा विचारावं.
फिक्स. तोच आकडा.

मग बाण दाखवेल तसं सरकत सरकत
धुण्याच्या दगडापाशी.
दगड हलवला, पहारीनं चार टोले,
आणि खाली जुना हद्दीचा धोंडा, फुली कोरलेली,
आमच्या आकड्यापासून चार बोटं लांब.
"उन्हात साखळी वाढते," सातपुते म्हणतो,
घरातल्या कुणाची तरी बाजू घ्यावी तसं.

नकाशावर आकड्यांपुढे तारीख लिहायची असते.
नव्या मुलानं कारण सांगितलं:
अख्खा देश वर्षाला पाचेक सेंटिमीटर ईशान्येला सरकतो.
एकोणीस वर्षांत जवळजवळ मीटरभर.
धोंडा, नळ, दोन्ही खिडक्या, सगळं बरोबरीनं,
त्यामुळे भांडण जागच्या जागी.

मी तारीख लिहिते.
दोघीही खाली आल्यात, धोंड्याकडे बघतायत,
एकमेकींकडे नाही.
सातपुते दांडा भिंतीला टेकवतो
आणि आता कुठे मानेवर चापट मारतो.
डास केव्हाच गेलाय.