अक्षराला अठरा रुपये

कंत्राटदारानं चिठ्ठी दिली,
मागच्या बाजूला भंगाराचा हिशेब.
हुद्दा, नाव, पदक, साल,
आणि तीन ओळी, कशासाठी दिलं त्या.
पाहुण्यांची यादी वेगळी. टाईप केलेली. सही-शिक्क्यासकट.

गोठिवलीच्या नाक्यावरचा हा दगड
मी तिसऱ्यांदा उतरवतोय.
आधी रस्ता रुंद झाला,
मग गटाराची लाईन गेली,
आता सुशोभीकरण.
त्यांनी लिहून दिलं होतं ‘शुशोभीकरण’.
तेवढं मी गुपचूप दुरुस्त केलं.

पाहुणे दर वेळी बदलतात.
जुन्यांच्या नावांत लांबी भरायची,
घासायचं, पॉलिश मारायचं,
वर नवे कोरायचे.
पाच-सात वर्षांनी तेही लांबीखाली.
लान्स नाईक पदाजी जोमा मढवी, वीरचक्र, मरणोत्तर,
ही ओळ मात्र कुणी बदलत नाही.
छिन्नी जुन्याच चरातून चालते,
दर खेपेला सूतभर आत.
माझं अख्खं नख बुडतं आता त्याच्या ‘म’मध्ये.

दुपारी एक म्हातारी आली,
बँकेच्या कापडी पिशवीत बीपीच्या गोळ्या घेऊन.
सिमेंटच्या गोणीवर बसली, न विचारता.
म्हणाली, “मी भयीण त्याची. वाच.”

मी वाचलं:
स्वतःच्या प्राणांची पर्वा न करता...
ती हसली. दात नव्हते, हसू मोठं.
“पर्वा नय? अरं, बेंडकाला भ्यायचा तो.
रातचा आंगणात जायचा तं माजा पदर धरून.
लिव तसा.”

मी म्हटलं, आजी, अक्षराला अठरा रुपये पडतात.
“मंग? मी देतंय ना.”

पुढे वाचलं:
शत्रूच्या तुफान माऱ्यातही
कालव्याच्या बांधावरून हटले नाहीत.
इथं ती हसली नाही.
रस्त्यापलीकडे बोट केलं.
तिथं आता डेटा सेंटर आहे,
काचेची भिंत, रात्रंदिवस घरघरणारे पंखे.
“ती आमची खारजमीन. भरतीला बांध फुटला ना,
तं चिखल आनीपरत कुनीतरी आडवा झोपायचा भोकात.
बाप झोपायचा.
बाप तापानं पडला तवा पद्या झोपला.
नऊ वर्साचा. पानी थंड. काळोख.
बेंडकं अंगावरशी चालत व्हती त्याच्या.
रडत व्हता मोठ्यानं.
उठला नय पन.”

चिठ्ठीत हे नव्हतं.
दगडावर जागाही नव्हती.
खरं सांगायचं तर होती,
उद्घाटकांच्या ओळीला साडेतीन इंच सोडायचे होते,
त्याच्या नावाला दोन.
मी खाली बघत छिन्नीला धार लावत बसलो.

ती उठली. वाचता येत नव्हतं तिला.
बोट घातलं तिनं चरात आणि चालत गेली,
काना उतरली, वेलांटी चढली,
‘ढ’च्या गाठीत अडकली, थोडी फिरली तिथंच.
बोटाला संगमरवराची पिठी.
“येवढा खोल?”
दर वेळी जातं आजी, मी म्हटलं, परत परत कोरून.
“लागला आसल,” ती म्हणाली.
कुणाला ते मी विचारलं नाही.

जाताना पिशवीतनं काढून
एक दहाची नोट, एक पाचाचं नाणं,
एक दोनाचं, एक रुपया
दगडावर मांडून गेली.
एका अक्षराचे.
कुठलं, ते सांगितलं नाही.

अनावरण शुक्रवारी आहे.
मंडप आलाय, खुर्च्या यायच्यात.
पाहुण्यांतला एक ऐनवेळी बदललाय,
म्हणून पुन्हा लांबी कालवतोय.
अठरा रुपये हत्यारांच्या डब्यात आहेत,
बारीक छिन्नीच्या कप्प्यात.
डबा उचलला की वाजतात.