मंगळवारचा रकाना

पहाटे साडेचारला पुळणीवर पहिली होडी घसटते
आणि मी टेप उघडते.
शिंपिणीचा टेप, दीडशे सेंटिमीटरचा.
त्याहून लांब काही आलं तर बोटाने खूण धरून
पुन्हा शून्यापासून.
गेल्या दोन वर्षांत बोट धरायची वेळ
चारदा आली.

नाकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत.
मग उलटी करायची. पोटाखाली दोन बोटं असली तर नर.
नसली तर थोडं थांबायचं,
कारण मानसा सुरी घेऊन उभीच असते,
आणि पोटातून कधी कधी निघतात
अकरा, बारा,
हातोड्याची डोकी अजून मऊ, मागे दुमडलेली,
आईला बोचू नये म्हणून.
त्यांच्यासाठी फॉर्मात वेगळी ओळ आहे.
मानसा म्हणते, लिही, लिही,
तुझ्या लिहिण्याने मला किलोमागे दोन सेडी कमी मिळतात.
लिहिण्याने नाही, उशिराने. तिला दोन्ही एकच.

फीफीच्या होडीवर रंगवलंय, 'देव झोपत नाही.'
फीफी झोपतो, जाळ्याच्या ढिगावर, तोंड उघडं टाकून,
आणि मी त्याच्या पायाशी बसून मोजते
त्याने रात्र जागून आणलेल्या चार कानमुश्या.
पर आधीच कापलेले.
त्यांचं वजन दुसऱ्या कुणाच्या वहीत.

बाबा वावेत मोजायचे. दोन्ही हात पसरून,
"दोन वाव! शेपूट होडीबाहेर!"
अक्राहून येणाऱ्या डॉक्टर लार्टेंना मी विचारलं,
हे लिहू का?
ते म्हणाले, कुणाची वाव?
घरी जाऊन मी बाबांचे हात मोजले.
एकशे एकाहत्तर. खांदे आता पुरते उघडत नाहीत.
म्हणजे तेव्हाचे हात लांब होते,
म्हणजे तेव्हाची मुशीसुद्धा.
डॉक्टर हसले नाहीत.
पेन्सिलीने समासात काहीतरी टिपलं.

मंगळवारी आमच्याकडे समुद्राला सुटी.
कुणी होडी लोटत नाही.
मी जन्मले मंगळवारी, म्हणून अराबा.
सुरुवातीला त्या दिवशी मी शून्य लिहायचे.
डॉक्टरांनी खोडलं.
शून्य म्हणजे तू गेलीस, पाहिलंस, आणि नव्हतं.
रिकामं म्हणजे कुणी पाहिलंच नाही.
या दोहोंत घोळ झाला
तर समुद्र संपला तरी कळायचं नाही.
तेव्हापासून माझ्या वहीत
दर सातव्या दिवशी एक उघडी खिडकी.

काल मंगळवार. धुणं घेऊन खाडीच्या मुखाशी गेले.
ओहोटी, पाणी गुडघाभर, कोऱ्या चहाच्या रंगाचं.
आधी वाटलं, पानं.
पण पानं सगळी एकदम वळत नाहीत.
दोन-अडीच विती, जेमतेम,
डोकी डावी-उजवीकडे हलवत,
सांडलेली सुई शोधावी तशी.
सात. मग मागे राहिलेलं एक.
मग माझी सावली पुढे सरकली
आणि पाणी नुसतं पाणी.
हात कंबरेला गेला. टेप घरी.

लांबी: पोहत होती.
नर की मादी: विचारलं नाही.
भाव:

रात्री बाबांना सांगितलं. केवढी, त्यांनी विचारलं.
मी तळवे समोरासमोर धरले.
त्यांनी माझे हात धरून
थोडे आणखी लांब केले.

डॉक्टर शुक्रवारी येतील. सांगेन. बहुतेक.
नकाशावर ठिपका पडला
की तो कुणाकुणाला दिसतो, मला माहीत नाही.

आज बुधवार. फीफी होडीतून उतरता उतरता विचारतो,
काल खाडीवर इतका वेळ काय बघत होतीस?
त्याची जाळी बारीक आसाची. त्याला मुलं तीन.
साबण पडला होता, मी म्हणते.
सापडला?

मी टेपचं टोक
समोरच्या नाकाला लावते.