साखरेचे खडे

टोरबोर्गआत्याची फाइल टपालानं आली.
एकोणीस वर्षं, बावीस पानांत.

"पोट दुखतं म्हणते. तपासलं. पोटात काही नाही."
"भिंतीतून कुणीतरी मोजतंय म्हणते."
"झोपेची पूड दिली. बिघडली.
पूड वाढवली."
आणि एका पानावर, वेगळ्या शाईत:
"साखर चोरते. उशीखाली चौदा खडे सापडले."

बाबांना कधी काही झालं नाही.
आत्याचं नाव निघालं की ते
होडीची गळती बघायला जायचे,
हिवाळ्यातसुद्धा,
होडी उलटी, बर्फाखाली असताना.

तूवा जेवेनाशी झाली तेव्हा
आम्ही म्हणालो, परीक्षा.
झोपेना, तेव्हा म्हणालो, वय.
मग एका पहाटे स्वयंपाकघरात
अनवाणी उभी राहून ती म्हणाली,
"आई, भिंतीत कुणी मोजतंय,
आणि चुकतंय."

मनोरुग्णांच्या वॉर्डात दोन आठवडे.
तरुण डॉक्टर, चांगला मुलगा, मला विचारत राहिला
घरात भांडणं होतात का.
मी भांडणं आठवत राहिले.
होती थोडी. सगळी सांगितली.

जूनमध्ये आमच्याकडे रात्र होत नाही.
लघवीची बाटली कुणीतरी खिडकीत विसरलं,
उन्हात, दोन दिवस.
सफाईला आलेली गुनवर, निवृत्तीला चार महिने उरलेली,
बाटली घेऊन थेट डॉक्टरच्या टेबलाशी गेली.
लिंगनबेरीचा रस जुना झाला की होतो
तसा रंग.
"माझ्या मावशीची अशीच व्हायची," एवढंच म्हणाली.

पोरफिरिया.
मी हा शब्द घरभर म्हणून पाहिला.
एखाद्या फुलाचं नाव वाटावं असा.
लहानपणी लोक म्हणायचे,
तूवाचे डोळे आईचे, हनुवटी बापाची.
रक्तातलं हे कुणाचं,
कुणी विचारलं नव्हतं.
माझं आहे. बाबांकडून आलेलं,
वाटेत मला न दुखवता.

तिच्या हातात सुई. साखरेचं पाणी,
थेंब, थेंब.
तिसऱ्या दिवशी तिनं वर पाहिलं:
"आता हेच मोजतंय."
आणि भात मागितला.

साखर.
उपाशी ठेवू नका, ती पूड देऊ नका, साखर द्या:
आता कागदावर छापून मिळतं.
आत्याला कुणी सांगितलं नव्हतं.
तिच्या जिभेला कळलं होतं,
आणि त्याला त्यांनी चोरी म्हटलं.

फाइल मी कपाटात ठेवली नाही, जाळलीही नाही.
टेबलावर आहे, साखरेच्या डब्याशेजारी.
चौदा सापडले.
पंधरावा त्यांना सापडला नसावा,
एवढंच.