तीन बीप

बटण दाबलं की पंखा फिरतो,
पडदा काळाच.
तीन बीप. थांबून परत तीन.

'रॅम काढा, वहिनी,' फोनवर मुल्लाणी,
'सावळजात घराला लागून बेदाण्याचं शेड,
गंधकाची धुरी पितळही काळं करते,
तिथं रॅम काय चीज!'

खरंच, सोनेरी दात काळवंडलेले.
समृद्धीच्या जुन्या कंपासातलं खोडरबर,
एका बाजूनं कुरतडलेलं,
तेच घासलं. फुंकलं. बसवलं.
कट्ट.

एकच बीप.
पडद्यावर तारीख: एक जानेवारी दोन हजार नऊ.
आतला सेल संपला असणार.

त्या साली शेड नव्हतं,
हे खोडरबर अजून कुणी चावलं नव्हतं.

खाली लिहिलंय, एफ वन दाबा, पुढे जा.
बोट ठेवलंय. दाबते.
जरा थांब.