घोट्याचं हाड

उणे एकतीस. बसच्या काचेवर आतून बर्फ.
मी त्यावर नखाने मनगट काढते,
आठ हाडं, दोन ओळी.
तिसरं आठवेपर्यंत खरवडत राहते
आणि त्या भोकातून
कोळशाच्या धुरात बुडालेलं उलानबातर दिसतं.

होस्टेलात ओयुनगेरेल झोपेत लॅटिन बडबडते.
तिचे वडील दातांचे डॉक्टर,
तिच्या कपाटात प्लास्टिकचा सांगाडा, टोपी घातलेला.
माझ्याकडे लोकरी पिशवीत
मेंढ्यांच्या घोट्यांची चोवीस हाडं,
लहानपणीचे फासे.
पडेल त्या बाजूचं नाव:
घोडा, उंट, मेंढी, बकरी.

पहिल्या दिवशी शवागारातून
तिघं बाहेर धावली, एक जण भिंत धरून बसला.
मी उभी राहिले. सगळ्यांना वाटलं, धीट आहे.
धीट कसली!
मला भाऊ नाही, म्हणून बाबांनी मलाच शिकवलं:
मेंढीला पाठीवर निजवायचं,
छातीखाली बोटभर चीर,
हात आत, कोपरापर्यंत,
कण्यापाशी दोन बोटांना ती सापडते,
गरम, दोरीसारखी, उसळणारी.
चिमटीत धरून तोडायची.
जमिनीवर थेंब सांडता कामा नये.

इथे तिला एओर्टा म्हणतात.
स्पेलिंग चुकलं, अर्धा गुण गेला.

आमच्याकडे जनावराला नाव नसतं,
रंग असतो. तांबूस, धुरकट,
कपाळावर चांदवा असलेला.
ज्याला हाक मारली त्याच्यावर सुरी चालत नाही,
बाबा म्हणतात.
इथे सगळं उलटं.
हाडाच्या प्रत्येक खाचेला नाव, खळगीला नाव,
एका भोकाला तर दोन नावं,
फक्त टेबलावरच्या माणसाला नाही.
तो नंबर अकरा.

नोव्हेंबरात आमच्या गटाकडे
अकराचा उजवा हात आला.
मूठ उघडायला दोघं लागले.
आत, करंगळीच्या मुळापासून अंगठ्यापर्यंत
आडवा, पांढरा, चकाकता वळ.
दावासुरेन बाई म्हणाल्या,
जुना भाजल्याचा व्रण असावा. पुढे चला.

भाजल्याचाच.
पण आगीने नाही, दोराने.
दुसऱ्या टोकाला उधळलेलं शिंगरू
आणि सोडायचं नाही असं ठरवलेला माणूस.
बाबांच्या तळहातावर तो आहे,
याच जागी.

मी कुणाला सांगितलं नाही.
सुरी माझ्याकडे होती.
मी वळाला वळसा घालून कापलं.
कातडी उलटली तेव्हा तो अख्खा राहिला.
बाई म्हणाल्या, रेघ वाकडी गेली.
हो म्हटलं.

तोंडी परीक्षेला ट्रेमध्ये एकच हाड.
मी उचललं, आणि आभाळाची शपथ,
हातानेच ते टेबलावर टाकलं,
घोडा पडतो का पाहायला.
ते गडगडलं, कसंबसं कुशीवर थांबलं.
माणसाच्या घोट्यात घोडा नसतो. उंटही नसतो.
मागच्या रांगेत कुणीतरी हसलं.
बाई बराच वेळ त्या हाडाकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, कुठली गं तू?
मी गाव सांगितलं. आमचं गाव फिरतं,
म्हणून नदी सांगितली.
बरं, त्या म्हणाल्या, डावं की उजवं?
मला सांगता आलं नाही.

उन्हाळ्यात घरी गेले.
बाबांनी विचारलं, वर्षभर काय शिकलीस?
म्हटलं, ती आतली दोरी, दोन बोटांना सापडते ना,
तिचं नाव.
त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं,
चहातलं मीठ चाखावं तसं.
मग म्हणाले,
बरं झालं, मला आधी माहीत नव्हतं.

वाटी द्यायला त्यांनी हात पुढे केला.
मी वाटी खाली ठेवली, हात धरून ठेवला.
काय बघतेस?
काही नाही, मी म्हटलं.
उजवा आहे.